घाईचा दाब

बांधकामावरच्या मराठीत 'सेंट्रिंग' हा शब्द इतका मुरला आहे की तो इंग्रजीतून आला याची कोणाला आठवणही होत नाही. 'सेंट्रिंगवाला आला का', 'सेंट्रिंग कधी खोलायची' अशी वाक्ये महाराष्ट्रातल्या कुठल्याही कामावर कानी पडतात. मूळ शब्द दगडी कमानीचा. कमानीचे दगड एकमेकांवर रेलून स्वतःच्या बळावर उभे राहीपर्यंत त्यांना खालून पेलणारा लाकडी सांगाडा म्हणजे सेंट्रिंग. कळीचा दगड बसला की सांगाडा काढून घ्यायचा. पुढे दगडाची जागा काँक्रीटने घेतली, सांगाड्याच्या जागी फळ्या, प्लेटा आणि प्लायवूड आले, तरी शब्द टिकला. त्याचा अर्थही फारसा बदलला नाही. जे अजून स्वतःच्या पायावर उभे नाही, त्याला तेवढा वेळ धरून ठेवणारी वस्तू.

अशा तात्पुरत्या वस्तूंचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. इमारतीचा वास्तुकार कोण, खर्च किती आला, कोनशिला कोणी बसवली, हे सारे नोंदले जाते. ज्या फळ्यांच्या पोटात ती इमारत ओतली गेली त्या फळ्या पुढच्या कामावर जातात आणि शेवटी जळणात. मात्र या फळ्यांवर ओले काँक्रीट किती जोराने रेटते, हा प्रश्न अभियंत्यांना शंभराहून अधिक वर्षे छळतो आहे. मी अभियंता नाही. जुने तांत्रिक अहवाल वाचण्याच्या नादातून या प्रश्नापाशी आलो आणि तिथेच रेंगाळलो. कारण वाचता वाचता असे दिसू लागले की या रेट्याच्या हिशेबात काँक्रीटच्या वजनाइतकाच माणसाच्या घाईचा वाटा आहे. तो हिशेब इथे मांडतो.

पाणी, धान्य आणि मधली अवस्था

स्लॅबखालच्या बल्ल्या सगळ्यांना दिसतात. वरचे वजन खाली जाते आणि बल्ल्या ते पेलतात, हे समजायला शिक्षण लागत नाही. कॉलम आणि भिंत यांची गोष्ट वेगळी. तिथे साचा चारी बाजूंनी उभा असतो, काँक्रीट वरून पडते, आणि साच्यावर येणारा रेटा आडवा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. साचा फुगला किंवा फुटला म्हणजेच त्याची जाणीव होते.

हा रेटा केवढा असतो? साध्या काँक्रीटचे वजन पाण्याच्या सुमारे २.४ पट, म्हणजे घनफुटाला साधारण ६८ किलो. दहा फूट उंचीचा कॉलम एका दमात भरला आणि आतले काँक्रीट अगदी पाण्यासारखे वागले, तर तळाशी साच्याच्या दर चौरस फुटावर ६८० किलोंचा आडवा रेटा येईल. एका फरशीएवढ्या जागेला दहा माणसांनी मिळून ढकलावे तसा. साच्याला बाहेरून आवळणारे शिकंजे, आरपार जाणारे टाय, पाचरी, तिरके टेकू ही सगळी व्यवस्था त्यासाठीच असते. एखादा टाय कमी पडला तर भिंतीला पोट येते आणि ते पुढे छिन्नीने तासून काढावे लागते. बरेच टाय कमी पडले तर साचा उघडतो आणि समोर उभा असलेला माणूस काही टन ओल्या दगडाखाली सापडतो.

यात मनाला न पटणारी एक गोष्ट आहे. सहा इंच जाडीची भिंत आणि तीन फूट जाडीची भिंत यांपैकी जास्त रेटा कशात, असे विचारले तर कोणीही जाड भिंतीकडे बोट दाखवील. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ मध्ये पाण्याच्या बाबतीत दाखवून दिले की दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो, पाणी किती आहे यावर नाही. अरुंद नळीत दहा फूट पाणी असो की तलावात, तळाशी दाब सारखाच. काँक्रीट पाण्यासारखे वागत असेल तर सहा इंची भिंतीचा साचाही तीन फुटी भिंतीच्या साच्याइतकाच मजबूत हवा. 'एवढीशी तर भिंत' हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

पण काँक्रीट म्हणजे पाणी नव्हे. त्यात खडी आहे, वाळू आहे, आणि हे कण एकमेकांवर घासतात. मग ते धान्यासारखे वागते का? आपल्याकडची कणगी आठवावी. बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली, पुरुषभर उंचीची कणगी ज्वारीने गळ्यापर्यंत भरली तरी उभी राहते. ती आतून पाणबंद करून तेवढेच पाणी भरले तर विण टिकेल का याचा अंदाज कोणीही बांधू शकतो. धान्य पाण्यासारखे सर्व बाजूंना सारख्याच जोराने रेटत नाही. शिवाय दाणे भिंतीला घासून वजनाचा काही भाग तिच्यावरच टांगतात. त्यामुळे खोलीबरोबर दाब वाढतो, पण एका मर्यादेनंतर जवळजवळ थांबतो. कणगी विणणाऱ्या हातांना हे परंपरेने ठाऊक होते. आकड्यांत ते मांडले जर्मनीतल्या ब्रेमेन इथल्या एच. ए. यान्सेन या अभियंत्याने, १८९५ मध्ये. लाकडी चौकोनी कोठ्या करून, त्यांत धान्य भरून, तळावर येणारे वजन त्याने मोजले. त्याचे सूत्र धान्यकोठारांच्या रचनेत आजही पायाभूत मानले जाते.

ओले काँक्रीट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि तिथेही स्थिर नसते. ओतताना ते पाण्याच्या जवळ असते, काही वेळाने धान्याच्या जवळ जाते, आणि अखेरीस दगड होते. दगड झाल्यावर साच्यावर रेटा उरत नाही. म्हणून 'दाब किती' या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: 'किती वेळ झाला?'

कुटण्यापासून ओतण्यापर्यंत

काँक्रीटच्या आधुनिक इतिहासाच्या सुरुवातीला हा प्रश्न फारसा भेडसावत नव्हता. फ्रान्सवा कोआन्ये या फ्रेंच कारखानदाराने १८५३ मध्ये पॅरिसजवळ साँ-दनी इथे काँक्रीटचे घर उभे केले. त्याचे काँक्रीट जेमतेम ओलसर असे. फळ्यांमध्ये पातळ थर पसरायचा, तो कुटून घट्ट करायचा, मग पुढचा थर. मातीच्या भिंती कुटून बांधण्याचीच ही रीत, फक्त मातीऐवजी चुना आणि सिमेंट. असा थर मूळचाच घट्ट असल्याने साच्याला फारसे रेटत नाही. फळ्यांना त्रास होतो तो कुटणाऱ्या धुमसाचा.

चित्र बदलले ते लोखंडामुळे. फ्रान्सवा एनबिक याने १८९२ मध्ये सळया घातलेल्या काँक्रीटच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढच्या दोन दशकांत ती पद्धत जगभर गेली. सळयांच्या जाळीत कोरडसर काँक्रीट कुटता येत नाही. धुमस आत जात नाही आणि कोपरे पोकळ राहतात. म्हणून मिश्रणात पाणी वाढले आणि काँक्रीट कुटण्याऐवजी ओतले जाऊ लागले. मजुरी वाचली, वेग वाढला. आणि साच्यासमोर प्रथमच असा पदार्थ आला जो खरोखर पाण्याच्या जवळपास होता.

या बदलाची एक खूण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस शहरालगत आजही उभी आहे. फ्रँक पीव्ही या धान्य व्यापाऱ्याला लाकडी कोठारांना लागणाऱ्या आगींची चिंता होती. चार्ल्स हॅग्लिन या कंत्राटदाराने त्याच्यासाठी १८९९ मध्ये काँक्रीटचे गोल धान्यकोठार उभारायला घेतले. लाकडी फळ्यांचा गोल साचा, त्याला लोखंडी पट्ट्यांचे कडे. एक थर घट्ट झाला की साचा सोडवून वर चढवायचा. पुढच्या वर्षी कोठार सव्वाशे फुटांपर्यंत गेले. धान्य भरले की ते फुटणार, अशी लोकांची खात्री होती आणि 'पीव्हीचा वेडेपणा' म्हणून त्याची टर उडवली जाई. ते फुटले नाही. या एका बांधकामात दोन रेटे एकामागून एक नांदले. आधी ओल्या काँक्रीटने लाकडी साच्याला रेटले, मग तेच काँक्रीट दगड होऊन धान्याचा रेटा सोसू लागले. जो पदार्थ सकाळी दुसऱ्याच्या आधाराने उभा होता, तोच पुढे दुसऱ्याला आधार देऊ लागला.

ओतीव काँक्रीटचे काम वाढले तसे मोजमापही सुरू झाले. एफ. आर. शंक या अमेरिकन लष्करी अभियंत्याचे साच्यावरच्या दाबाचे निष्कर्ष १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. काँक्रीट साच्यात किती वेगाने चढते आणि हवा किती गार आहे, यावर दाब ठरतो, हे त्याच्या आकड्यांतून दिसत होते. म्हणजे मूळ गोष्ट तेव्हाच हाती आली होती. तरी पुढची कित्येक दशके निरनिराळे मोजणारे निरनिराळे आकडे देत राहिले. एकाचे काँक्रीट घट्ट, दुसऱ्याचे पातळ. एकाने थंडीत मोजलेले, दुसऱ्याने उन्हाळ्यात.

मध्यंतरी काँक्रीटही बदलत गेले. शिकागोच्या डफ एब्रम्स याने १९१८ मध्ये दाखवले की सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त, तितके काँक्रीट दुबळे. ओतण्याच्या सोयीसाठी वाढवलेल्या पाण्याची किंमत मजबुतीत मोजावी लागत होती. त्यावर तोड निघाली व्हायब्रेटरची. फ्रान्सच्या यूजेन फ्रेसिने याने १९१७ मध्येच कंपनाने काँक्रीट बसवण्याचे पेटंट घेतले होते. कमी पाण्याचे काँक्रीट थरथरवले की तेवढ्यापुरते पातळ होते, सळयांच्या फटींतून उतरते, हवेचे बुडबुडे वर येतात. थरथर थांबली की पुन्हा घट्ट. मजबुती राखून वाहतेपण मिळाले. परंतु जिथवर व्हायब्रेटर पोचतो तिथवरचे काँक्रीट त्या क्षणी पाण्यासारखे रेटते. म्हणून व्हायब्रेटर खोल खुपसू नये, आधीच सावरलेल्या खालच्या थरांना उगाच जागे करू नये, हा नियम आला. जाणत्या मिस्त्रीचा हात तिथे आपोआप थांबतो. त्या थांबण्यामागे हे सगळे गणित आहे.

सूत्रातले एक अक्षर

इंग्लंडमध्ये एस. रोडिन याने १९५२ मध्ये तोवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. मग १९५८ मध्ये अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या समितीने हाती असलेली मोजमापे चाळून एक सूत्र दिले. ते इतके साधे आहे की साहित्याच्या वाचकापुढे ठेवायला संकोच वाटत नाही. दर चौरस फुटावरचा जास्तीत जास्त दाब पौंडांत हवा असेल, तर काँक्रीट साच्यात ताशी जितके फूट चढते त्याला ९००० ने गुणा, काँक्रीटच्या फॅरेनहाइट तपमानाने भागा, आणि १५० मिळवा. अट एवढीच की उत्तर पूर्ण पाण्यासारख्या दाबाच्या वर गेले तर तो पूर्ण दाब धरावा.

आपल्या दहा फुटी कॉलमला हे लावून पाहू. काँक्रीटचे तपमान ९० अंश फॅरेनहाइट, म्हणजे आपल्याकडचा साधा उष्ण दिवस. ताशी ६ फुटांनी भरले तर दर चौरस फुटावर सुमारे ३४० किलो. ताशी १२ फुटांनी भरले तर ६१० किलोंच्या पुढे. तपमान ५० अंशांवर उतरले, तर ताशी ६ फुटांच्या वेगालाही दाब ५६० किलोंच्या आसपास जातो, आणि १२ फुटांचा वेग ठेवला तर पूर्ण ६८० किलो धरावे लागतात. काँक्रीट तेच, कॉलम तोच, साचाही तोच. बदलला तो वेग आणि गारवा. गारव्यात काँक्रीटला घट्ट व्हायला वेळ लागतो, म्हणून दाब जास्त.

या सूत्रात वेगासाठी 'आर' हे अक्षर वापरतात. बाकी सारे निसर्गाचे आहे: वजन, ऊब, सिमेंट आणि पाण्याची रसायनक्रिया. 'आर' तेवढा माणसाचा. तो ठरतो ठेकेदाराच्या वेळापत्रकावर, भाड्याने आणलेल्या पंपाच्या तासांवर, संध्याकाळी आभाळ भरून आले म्हणून उरकून घेण्यावर. १९५८ च्या त्या सूत्राने नकळत एक गोष्ट कागदावर आणली. साच्यावर येणाऱ्या रेट्याचा मोठा भाग काँक्रीटचा नसतो, घाईचा असतो. आणि घाई ठरवणारा माणूस बहुधा साच्यासमोर उभा नसतो.

रोज पाच फूट

साच्यावरचा दाब ओसरतो आणि साचा काढता येतो, या एकाच घड्याळाच्या दोन वेळा. पहिली चुकली तर साचा फुटतो, दुसरी चुकली तर अपक्व काँक्रीट कोसळते. त्या घड्याळाविषयी दोन बांधकामे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्हींत एका दिवसाचा थर पाच फुटांचा.

पहिले ढाक्याचे संसदभवन. लुई कान याने त्याची रचना केली, काम १९६० च्या दशकात सुरू झाले, १९७१ च्या युद्धात थांबले, कान १९७४ मध्ये वारला, आणि इमारत १९८२ मध्ये पूर्ण झाली. मोठी यंत्रसामग्री नव्हती. बांबूंच्या परांच्या होत्या आणि डोक्यावर पाट्या वाहणारे मजूर होते. दिवसभरात पाच फूट भिंत ओतून होई. आजचा थर आणि उद्याचा थर यांच्या मधला सांधा कितीही जपले तरी उठून दिसतो. कानने तो लपवला नाही. दर पाच फुटांवर पांढऱ्या संगमरवराची आडवी पट्टी बसवली. त्या करड्या भिंतींवरच्या पांढऱ्या रेघा म्हणजे मजुरांच्या दिवसांची मोजणी आहे. एक पट्टी ते दुसरी पट्टी, एवढे एका दिवसाचे काम. वेग लपवण्याऐवजी कोरून ठेवणारी अशी दुसरी इमारत माझ्या पाहण्या-वाचण्यात नाही.

दुसरे बांधकाम अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातले, विलो आयलंड इथल्या वीजकेंद्राचा शीतक मनोरा. हा कमरेत बारीक होणारा प्रचंड पोकळ मनोरा रोज एक पाच फुटी कडे ओतत वर चढत होता. मजूर उभे असलेले मचाण आणि साचा जमिनीवर टेकलेले नव्हते. ते मनोऱ्याच्या भिंतीलाच, आधीच्या दिवसांत ओतलेल्या काँक्रीटमध्ये बोल्टांनी अडकवलेले होते. कालचे काँक्रीट आजच्या माणसांना पेलणार, अशी व्यवस्था. २७ एप्रिल १९७८ रोजी सकाळी वर काँक्रीटची बादली चढत असताना आदल्या दिवशी ओतलेले कडे तुटले, आणि पाहता पाहता मनोऱ्याच्या पूर्ण घेरावरचे मचाण साच्यासकट खाली आले. मचाणावरची सर्व ५१ माणसे गेली. त्यांतली कित्येक एकाच कुटुंबातली होती. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने चौकशी केली. निष्कर्ष असा की गार हवेत त्या काँक्रीटला तेवढा भार घेण्याइतकी ताकद आलीच नव्हती.

ढाक्याला पाच फूट आणि विलो आयलंडला पाच फूट. यावरून एक कामगिरी थोर आणि दुसरी नीच ठरवणे सोपे आहे, पण खरे नाही. ढाक्यात थर जमिनीवरून पेलले जात होते आणि तिथली उष्ण हवा काँक्रीटच्या बाजूने होती. विलो आयलंडला एप्रिलची गार रात्र विरुद्ध होती. पाच फूट हा आकडा घाईचाही नाही आणि संथपणाचाही नाही. काँक्रीटचे घड्याळ आपल्या घड्याळाने चालत नाही, त्याचे तास उबेवर कमी-जास्त होतात. मनोऱ्यावर मोजले गेले ते माणसांचे दिवस. काँक्रीटचा दिवस तिथे अजून उजाडायचा होता.

त्याच्या पाच वर्षे आधी, मार्च १९७३ मध्ये, व्हर्जिनिया राज्यात एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्याखालचे टेकू लवकर काढल्याने १४ मजूर मेले होते. या अपघातांनंतर त्याच ब्यूरोत ऊब आणि वेळ यांचा एकत्र हिशेब ठेवून काँक्रीटचे 'वय' मोजण्याच्या पद्धतीवर नेटाने काम झाले, आणि १९८७ मध्ये तिचे अमेरिकन मानक आले. आपल्या भारतीय मानक ४५६ च्या २००० च्या आवृत्तीतही उभ्या साच्यासाठी १६ ते २४ तास आणि साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या टेकूंसाठी ७ दिवस असे किमान काळ दिले आहेत. पण तेही साधे पोर्टलँड सिमेंट असेल आणि हवा १५ अंश सेल्सिअसच्या खाली नसेल तरच. ही अट बहुतेक ठिकाणी वाचली जात नाही. आकडा तेवढा पाठ असतो.

आपोआप वाहणारे काँक्रीट

जपानमध्ये १९८० च्या दशकात वेगळी अडचण होती. काँक्रीट नीट दाबून बसवणारे कुशल हात कमी होत चालले होते आणि त्यामुळे बांधकामे लवकर खराब होत होती. तोक्यो विद्यापीठाच्या हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये विचारले, ज्याला व्हायब्रेटरच लागणार नाही असे काँक्रीट का करू नये? आपल्या वजनाने वाहील, सळयांच्या दाटीतून उतरेल, कोपरे भरेल, आणि तरी खडी तळाला बसणार नाही. १९८८ पर्यंत त्यांनी सहकाऱ्यांसह तसे काँक्रीट करून दाखवले. पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारी रसायने जपान आणि जर्मनीत १९६० च्या दशकातच निघाली होती. त्यांच्याशिवाय हे शक्य नव्हते.

१९९८ मध्ये खुल्या झालेल्या आकाशी-काइक्यो या झुलत्या पुलाच्या दोन्ही टोकांच्या अजस्र पायांमध्ये असे सुमारे २ लाख ९० हजार घनमीटर काँक्रीट गेले. जवळच्या केंद्रातून २०० मीटर लांब नळ्यांनी ते आणले गेले. त्या पायांच्या बांधकामाला अडीच वर्षे लागायची ती दोन वर्षांत उरकली. व्हायब्रेटरचा गोंगाट नाही, दाबून बसवणाऱ्यांची फौज नाही.

अर्थात साच्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला. १९५८ चे सूत्र घट्टसर, व्हायब्रेटरने बसवलेल्या काँक्रीटचे. इतके पातळ काँक्रीट त्याच्या कक्षेबाहेरचे. मग सावध अभियंत्यांनी स्टेव्हिनच्या पाण्याचाच आधार घेतला: पूर्ण उंचीचा पूर्ण दाब धरा. म्हणजे साचे जड, टाय दाट, खर्च जास्त. मजुरीत वाचलेला पैसा लोखंडात जाऊ लागला.

पुढे प्रत्यक्ष साच्यांवर दाबमापके बसवून मोजले तेव्हा आश्चर्य निघाले. सावकाश ओतले तर हे पाण्यासारखे दिसणारे काँक्रीट पूर्ण दाब देतच नव्हते. सिमेंट कडक व्हायला अजून कितीतरी वेळ असताना दाब उतरू लागे. याचे कारण जुन्या रंगाचा डबा उघडणाऱ्याला ठाऊक असते. ठेवून ठेवून रंग थिजतो, ढवळला की वाहतो, पुन्हा ठेवला की पुन्हा थिजतो. शास्त्रात याला थिक्सोट्रॉपी म्हणतात. हलवले नाही तर सिमेंटचे सूक्ष्म कण आपसांत हात धरतात, काँक्रीट साच्याच्या भिंतीला चिकटून राहते आणि आपले काही वजन तिच्यावर टांगते. म्हणजे कणगीतल्या ज्वारीसारखेच, कारण मात्र वेगळे. फ्रान्समधल्या गिओम ओव्हार्ले आणि निकोला रूसेल यांनी २००६ मध्ये याचे गणित मांडले. त्याचा सारांश दोन वेगांची शर्यत असा सांगता येईल. एक काँक्रीट स्वतःला सावरते तो वेग, दुसरा आपण वरून ओततो तो वेग. पहिला जिंकला तर साच्यावरचा भार हलका होतो. दुसरा जिंकला तर काँक्रीट पाणीच राहते.

त्याला दुसरी बाजूही आहे. काँक्रीटने फार लवकर सावरले तर पुढचा थर त्यात मिसळत नाही आणि मध्ये कच्चा सांधा राहतो. म्हणजे ओतण्याला कमाल वेग आहे तसा किमानही आहे. या दोहोंमधली वाट शोधायची तर काँक्रीटला काय हवे हे ऐकावे लागते.

गंमत अशी की मजुरी आणि वेळ वाचवण्यासाठी जन्मलेल्या या काँक्रीटने शेवटी १९०९ चीच गोष्ट सांगितली. थांबलात तर मी स्वतःला धरतो. घाई केलीत तर तुमच्या साच्याने मला धरावे.

आपल्या भिंती

मुंबई-ठाण्यापासून पुण्यापर्यंतच्या नव्या गृहसंकुलांत विटांच्या भिंती कमी होत आहेत. ॲल्युमिनियमच्या हलक्या प्लेटा जोडून मजल्याच्या भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. एका कंपनीच्या नावावरून या पद्धतीला कामावर सरसकट 'मायवान' म्हणतात. आठवडाभरात मजला चढावा ही अपेक्षा असते. सहा इंचांच्या आसपासच्या भिंती, आत सळया, म्हणून काँक्रीट वाहते हवे. पंप तासाभरात भिंत गळ्यापर्यंत भरू शकतो. उन्हाळ्यात वाटेतच घट्ट होऊ नये म्हणून वेग मंदावणारी रसायने घालतात, सिमेंटमध्ये औष्णिक केंद्रांची राख असते आणि तीही सुरुवातीला काँक्रीटला संथ ठेवते. ऊन आपल्या बाजूने असल्याचा फायदा असा आपणच परत करतो. अमेरिकन सूत्रात पुढे या रसायनांसाठी वेगळे गुणक आले ते याचसाठी. आपल्याकडेही साचे आणि टेकूंची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय मानक १४६८७ मध्ये १९९९ पासून आहेत, आणि आपोआप वाहणाऱ्या काँक्रीटचे मिश्रण ठरवण्याची रीत २०१९ पासून भारतीय मानक १०२६२ मध्ये आली आहे. ज्ञानाची वाण नाही.

वाण आहे ती त्या ज्ञानाला साच्यापाशी आवाज असण्याची. पंपाचा वेग कमी करा, असे कोण म्हणू शकते? ज्याला प्लेट फुगताना दिसते, जोडाच्या फटीतून सिमेंटचे पाणी झिरपताना दिसते, पाचर ढिली झाल्याचा आवाज ऐकू येतो, तो सेंट्रिंगवाला बहुधा परप्रांतातून आलेला, रोजंदारीवरचा माणूस असतो. भरणी चालू असताना 'थांबा' म्हणणे त्याच्या अधिकारात नसते. सूत्रातला 'आर' दुसरीकडे ठरलेला असतो, आणि त्याच्या हातात उरतात चार पाचरी आणि एक हातोडी.

साचा किती मजबूत करावा याची उत्तरे या शंभर वर्षांत अभियंत्यांनी पुष्कळ दिली, आणि ती चांगली आहेत. पण शंकच्या आकड्यांपासून रूसेलच्या गणितापर्यंत प्रत्येकाने सोबत दुसरेही एक उत्तर दिले आहे, आणि ते लोखंडाहून स्वस्त आहे. वेग कमी करा, दाब आपोआप उतरेल. कोणत्याही भरणीच्या कामावर हे उत्तर अमलात आणायला एवढेच लागते की फुगणारी प्लेट ज्याला सर्वांत आधी दिसते, त्याने हात वर केला की पंप थांबावा.